रंधा मारलेली फळी

दोघा भावांनी घर वाटून घेतलं, कारखाना वाटून घेतला, आईच्या पितळी डब्यांचीसुद्धा मोजून वाटणी केली, पण कुत्र्यापाशी येऊन घोडं अडलं. करवतीने कशाचेही दोन तुकडे करता येतात अशी ज्या घराची तीन पिढ्यांची खात्री, त्या घरात भुश्या तेवढा अखंड राहिला.

थोरल्याला सगळे मिस्त्री म्हणत. लाकूडकाम त्याचं. धाकटा पॉलिशवाला. पूर्वी मिस्त्रीने खुर्ची केली की ती उचलून चार पावलांवर धाकट्याकडे जायची आणि संध्याकाळी आरशासारखी होऊन बाहेर पडायची. भांडण झालं आणि तीच खुर्ची गिऱ्हाईक स्वतः डोक्यावर घेऊन एका दारातून दुसऱ्या दारात नेऊ लागलं. मध्ये भुश्या शेपूट हलवत वाट दाखवायचा. करवतीखालचा भुसा असतो ना, नेमका तसा रंग, म्हणून भुश्या.

भांडणाचं कारण विचाराल तर हसाल. एक बाई कपाट बघायला आल्या होत्या. चार माणसं उभी होती. धाकटा खण ओढून म्हणाला, "दादा, हा अडकतोय." बस्स, एवढंच. खण खरंच अडकत होता, आणि खरं असतं तेच जास्त झोंबतं. मिस्त्री म्हणाला, "मग तूच कर की सुतारकाम." धाकटा म्हणाला, "करीन की." शब्दाने शब्द वाढला, आणि मग एकदम सगळे शब्दच संपले. तीन वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

अंगणात मधोमध फळ्यांचं कुंपण आलं. भुश्याला येता-जाता यावं म्हणून मिस्त्रीने कुंपणाला खाली चौकोनी भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर कुत्र्याच्या पाठीला कुसळ लागू नये म्हणून धाकट्याने भोकाच्या चारही कडा काचपेपरने घासून गुळगुळीत केल्या होत्या. तीन वर्षांत दोघांनी मिळून केलेलं काम ते एवढंच. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण भुश्या दोन्हीकडे जेवायचा आणि वर दोन्हीकडे उपाशी असल्याचं तोंड करायचा.

पण कुत्रा म्हटला की दुखणी-खुपणी आली, गोळ्या आल्या, कोणी काय केलं ते सांगणं आलं. त्यासाठी भोकाच्या वर, खिळ्याला, हातभर लांबीची एक फळी टांगलेली असे. सुतारांच्या घरात कागद शोधायला वेळ लागतो, पेन्सिल मात्र कानावरच असते. "जंताची गोळी द्यायची आहे." "पायात काच गेली. मलम लाव." ज्याने काम करायचं त्याने ते उरकलं की फळी साफ करायची, मिस्त्रीने रंध्याने, धाकट्याने काचपेपरने. फळी कोरी म्हणजे काम झालं. हे कोणी ठरवलं नव्हतं, कारण ठरवायला बोलावं लागतं. तीन वर्षांत ती फळी घासून घासून पुठ्ठ्याएवढी पातळ झाली होती.

वर्षाच्या लशीचंही असंच. दवाखान्यात फोन नंबर धाकट्याचा होता, तर लशीचं कार्ड मिस्त्रीच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या मागे. दवाखान्यातून फोन आला की धाकटा फळीवर लिहायचा, "लस. गुरुवारपर्यंत." मिस्त्री कुत्र्याला घेऊन जायचा, सुई टोचून आणायचा, फळीवर रंधा मारायचा. दोन वर्षं हे सुरळीत चाललं. तिसऱ्या वर्षी माशी शिंकली.

त्या गुरुवारी मिस्त्री भुश्याला पट्टा घालून, कार्ड खिशात टाकून दवाखान्याच्या फाटकापर्यंत पोचला, आणि बघतो तर फाटकाशी धाकट्याची स्कूटर. सीटवर पॉलिशचा डाग, मागे दोरी. ओळखायला चष्मा लागत नव्हता. मिस्त्रीचं डोकंच फिरलं. हा इथे कशाला आला? मी नेतो की नाही ते तपासायला? आता त्या अरुंद बाकावर याच्या मांडीला मांडी लावून बसायचं, कुत्रा मध्ये, आणि कंपाउंडरने विचारायचं, काय हो, दोघं भाऊ एवढे गप्प का? मिस्त्री फाटकातून मागे फिरला. भुश्याला सुईचा वास ओळखीचा होता. आपण सुटलो म्हणून तो घरापर्यंत उड्या मारत आला.

उद्या जाऊ, असं मिस्त्रीने मनाशी ठरवलं. यात काहीच चूक नव्हतं. चूक झाली ती घरी आल्यावर. कुंपणावर फळी लटकत होती, "लस. गुरुवारपर्यंत." ती तशीच राहिली तर संध्याकाळी धाकटा वाचणार, आणि त्याला कळणार की दादा फाटकातून पळाला. मिस्त्रीने फळी काढली, बाकावर ठेवली आणि रंधा मारला. पातळशी एक कुरळी साल निघाली, आणि फळी कोरी झाली. उद्या तर नेणारच आहोत, मग हे खोटं कसलं, दिवसाभराचा तर प्रश्न, असं त्याने स्वतःला समजावलं.

शुक्रवारी शाळेच्या बाकांची ऑर्डर आली. शनिवारी लाकूड उतरवायचं होतं. पुढच्या आठवड्यात त्याची कंबर धरली. मग मनाने एक सोयीची गोष्ट रचली, की धाकटा तिथे होताच, त्याने काहीतरी केलं असेल. काय केलं असेल कुत्र्याशिवाय? स्वतःला टोचून घेतलं असेल? पण सोयीच्या गोष्टीला कोणी असे प्रश्न विचारत नाही. कार्ड पुन्हा कॅलेंडरच्या मागे गेलं आणि सहा महिने तिथेच राहिलं.

त्या दिवसांत अंगणामागचं गटार तुंबलं होतं. लाकडांच्या थप्पीखाली पाणी साचून राहिलं होतं आणि थप्पीत उंदीर झाले होते. भुश्याला तर मेजवानीच. दिवसभर थप्पीत नाक खुपसून बसायचा, तहान लागली की तिथलंच पाणी लपालपा प्यायचा. मिस्त्री त्याच्यावर ओरडायचा, आणि मग हातातल्या कामात विसरून जायचा.

एका सोमवारी सकाळी फळीवर अक्षरं दिसली, "जेवत नाही." मिस्त्रीने खाली लिहिलं, "इकडेही नाही." तो पेन्सिल कानाला लावतो न लावतो तोच कुंपणापलीकडून हाक आली.

"दादा!"

तीन वर्षांनी. मिस्त्री पेन्सिल टाकून धावला.

भुश्या धाकट्याच्या पॉलिशच्या डब्यांमागे पडला होता. अंग तापलं होतं. दोनदा ओकला होता. पाठीला हात लावला की कण्हत होता, आणि भुश्याने कण्हावं हे त्या घराने कधी ऐकलं नव्हतं. नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी गेले होते. मग कपाटं पोचवायच्या टेंपोत, कपाटाला गुंडाळायच्या घोंगडीवर त्याला निजवलं, आणि दोघं भाऊ त्याच्या दोन बाजूंना बसून जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात निघाले. धाकट्याची बायको दारातून म्हणाली, "भाऊजी, फोन करा हं." ती मिस्त्रीला म्हणाली, नवऱ्याला नाही. मिस्त्रीला त्याही गडबडीत ते बरं वाटलं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हात भरभर चालत होते. ताप बघितला, पोट दाबलं, हिरड्या उलगडून बघितल्या. मग कागद ओढून विचारलं, "दरवर्षीची लस वेळेवर झालीये का?"

मिस्त्रीने तोंड उघडलं. पण त्याच्या आधी धाकटा बोलला.

"झालीये की. दादाने नेलं होतं. मी डोळ्यांनी बघितलंय." मग त्याला उगाचच पुढचं सांगावंसं वाटलं. "त्या दिवशी मी जंताच्या गोळ्या आणायला दवाखान्यात गेलो होतो. खिडकीतून दादा भुश्याला घेऊन येताना दिसला. आमचं जरा... बोलणं नव्हतं. म्हटलं, मला बघून दादाला अवघड होईल, कुत्र्याचं काम राहायला नको. म्हणून मी मागच्या दाराने निघालो. स्कूटरसुद्धा तिथेच ठेवली, संध्याकाळी येऊन नेली."

आता मिस्त्रीला कळलं. आपण ज्या स्कूटरला बघून परत फिरलो, ती धाकट्याने आपल्यासाठीच तिथे सोडली होती. बाकावर कोणीही नव्हतं. आत जाऊन बसायचं होतं फक्त. आता बोलायचं म्हणजे काय बोलायचं? की तू मोठेपणा दाखवलास आणि मी पळ काढला, वर रंधा मारून तुला फसवलं? तेवढ्यात बाईंनी कागदावर खूण केली.

"मग तो एक संशय जरा मागे ठेवू," त्या म्हणाल्या. "पोटाचं असेल, नाहीतर गोचिडाचा ताप. रक्त पाठवते. आज सलाइन आणि उलटीचं औषध."

मिस्त्री गप्प राहिला. पुढे आयुष्यभर त्याने ती दहा मिनिटं आठवून आठवून झिजवली. त्या दहा मिनिटांत वीस वेळा तरी बोलता आलं असतं.

मंगळवारी सकाळी भुश्याच्या डोळ्यांचे पांढरे भाग पिवळे दिसायला लागले. लघवी काळ्या चहासारखी. बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी लगेच दुसरी तपासणी केली आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "लेप्टो वाटतोय. उंदरांच्या लघवीतून होतो. साचलेलं पाणी आहे का घराजवळ?"

दोघांनीही हो म्हणून मान हलवली.

"पण लस झालेल्या कुत्र्याला इतका जोरात... लस नक्की झाली होती ना?"

"नक्की," धाकटा म्हणाला. "दादाचं काम आहे ते."

धाकटा औषधं आणायला खाली गेला. मिस्त्री बाईंच्या टेबलाशी उभा राहिला. लाकडाचं टेबल होतं, एका पायाखाली पुठ्ठा घातलेला. एरवी त्याने पहिलं तेच बघितलं असतं.

"बाई, लस झालेली नाही," तो म्हणाला. "मी नेलंच नाही. फाटकातून परत आलो होतो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे काल सांगायला हवं होतं."

"हो."

"लस राहिलीये कळलं असतं तर मी या रोगाचं औषध कालच सुरू केलं असतं. तपासणीची वाटही बघितली नसती."

"काल सुरू केलं असतं तर वाचला असता?"

बाईंनी पेन पुन्हा उचललं. रागावल्या होत्या, पण निर्दय नव्हत्या. "ते मला सांगता येणार नाही. एक दिवस जास्त मिळाला असता, एवढंच खरं. या रोगात एक दिवस म्हणजे बराच असतो. वर्षाला एक सुई लागते काका, या लशीची ताकद तेवढीच टिकते. आणि भावाला तुम्हीच सांगा. मी सांगणार नाही."

मिस्त्री हो म्हणाला. धाकटा औषधं घेऊन धापा टाकत वर आला, तेव्हा मात्र त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

बुधवारी भुश्याची लघवी थांबली. मूत्रपिंडं गेली, बाई म्हणाल्या. गुरुवारी दुपारी, सलाइनची नळी पायात असतानाच, त्याने एकदा धाकट्याच्या हाताला नाक लावलं, एकदा मिस्त्रीच्या, आणि गेला. शेवटीसुद्धा दोन्ही घरी जाऊन आला, असं मिस्त्रीच्या मनात आलं आणि त्याला रडू फुटलं. धाकट्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मिस्त्रीला पेलवेना.

रोग माणसालाही लागू शकतो म्हणून शव दवाखान्यानेच ठेवून घेतलं. हातात नुसता पट्टा मिळाला. तुम्ही त्याची घाण काढली आहे, तुम्हीही आपल्या डॉक्टरांना दाखवा, असं बाईंनी बजावलं. डॉक्टरांनी दोघांना दहा-दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, सकाळी एक, संध्याकाळी एक, एकही चुकवायची नाही.

शुक्रवारी दोघांनी अंगण साफ करायला घेतलं. गटार उपसलं, थप्पी विटांवर उचलून घेतली, पावडर टाकली, उंदरांची बिळं बुजवली. हे सगळं सहा महिन्यांपूर्वी करता आलं असतं. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तो झोपा दोघांनी मिळून केला, आणि झकास केला. मध्येच धाकट्याने कुंपणाच्या चार फळ्या काढून बाजूला ठेवल्या; घमेलं न्यायला वाट हवी होती म्हणून, असं म्हणाला. दोघं बोलतही होते. धर, सोड, तिकडून उचल, सांभाळ, कंबर जाईल. मिस्त्रीला वाटलं, हे असंच चालू द्यावं. भुश्या तर गेला. आता सांगून काय तो परत येणार आहे? तीन वर्षांनी भाऊ मिळाला आहे, तो कशाला घालवा?

दुपारी धाकट्याने हातपाय धुतले आणि धुतलेला शर्ट घातला.

"कुठे निघालास?"

"दवाखान्यात. भुश्याचे डॉक्टर आलेत आज परत." धाकटा बटणं लावत होता. "विचारणार आहे, कसली लस टोचलीत? पाणी भरलं होतं का सुईत? नाहीतर लस उन्हात पडून नासली असेल. गल्लीतली सगळी कुत्री त्यांच्याकडेच जातात. चारचौघांत विचारणार आहे. सोडणार नाही मी त्यांना, दादा."

त्या डॉक्टरांनी भुश्याला पिल्लू असल्यापासून बघितलं होतं. एकदा रविवारी, जेवणावरून उठून, त्याच्या घशातलं हाड काढलं होतं.

"थांब," मिस्त्री म्हणाला.

"नाही, तू मध्ये पडू नकोस."

"लस टोचलेलीच नाही. मी गेलोच नाही आत."

धाकट्याची बोटं बटणावर थांबली.

"तुझी स्कूटर बघितली आणि फाटकातून परत आलो. तू आत आहेस वाटलं. घरी येऊन फळीवर रंधा मारला. दुसऱ्या दिवशी नेणार होतो. नेलं नाही."

धाकटा थप्पीवर बसला. मिस्त्रीला वाटलं, आता ओरडेल, आता हात उगारेल. तसं काही केलं असतं तर बरं झालं असतं.

"सोमवारी बाईंनी विचारलं, तेव्हा तू तिथेच होतास," धाकटा शेवटी म्हणाला.

"होतो."

"मी सांगत होतो, दादाने नेलं म्हणून. तू ऐकत होतास."

"बोलायला तोंड राहिलं नाही रे. तू मागच्या दाराने गेलास हे ऐकलं, आणि..."

"बाईंना माहितीये?"

"मंगळवारी सांगितलं."

"म्हणजे मलाच नाही." धाकट्याने मान हलवली. त्याचा आवाज चढला नाही. "खण अडकतो म्हणालो ना मी, ते तुझ्या तोंडावर म्हणालो. माघारी काय सांगायचो विचार गिऱ्हाइकांना. या तीन वर्षांतसुद्धा. म्हणायचो, दादाने मोजलेलं मी पुन्हा मोजत नाही. फळी कोरी दिसली की मी बघायलासुद्धा यायचो नाही. कार्ड दाखव म्हणालो का कधी? म्हणायला हवं होतं. कुत्रा वाचला असता."

"चूक माझी आहे. तुझी नाही."

"हो," धाकटा म्हणाला. "तुझीच आहे."

तो उठला, धुतलेला शर्ट काढून ठेवला, आणि पुन्हा घमेलं उचललं. संध्याकाळपर्यंत दोघांनी उरलेलं काम केलं. काढलेल्या चार फळ्या त्याने परत लावल्या नाहीत. मिस्त्रीने त्यावरून मनाशी फार काही बांधलं नाही. पण रात्री त्याला थोडी झोप लागली.

शनिवारी सकाळी तो रंध्याचं पातं घासत बसला होता. कुंपणाच्या त्या उघड्या जागेतून धाकटा आला आणि दारात उभा राहिला. आत आला नाही.

"गोळी घेतलीस?"

"घेतली," मिस्त्री म्हणाला. कोणी आठवणीने विचारतंय याचं त्याला बरं वाटलं. "चहाबरोबरच घेतली. तू?"

धाकट्याने हात पुढे केला.

"पाकीट दाखव," तो म्हणाला.

मिस्त्रीने त्याच्याकडे बघितलं. मग हात पुसले, आत जाऊन गोळ्यांचं पाकीट आणलं आणि त्याच्या हातात दिलं. धाकट्याने ते उजेडात धरलं आणि रिकाम्या झालेल्या जागा नखाने एकेक करून मोजल्या.

"बरोबर आहेत," तो म्हणाला, आणि पाकीट परत देऊन आपल्या कामाला गेला.